बिऱ्हाड हाललें, आतां मुलांची शाळा कोणती?

गेल्या दिवाळीच्या सुटींत आमच्या परिचयाच्या एका कापडाच्या व्यापाऱ्यानें सोलापुरांतील दुकान धाकट्या भावाच्या स्वाधीन करून एका मोठ्या शहरांत बिऱ्हाड हलविलें. शहराचें नांव आम्ही मुद्दाम सांगत नाहीं, कारण ही हकीकत कोणत्याहि शहरांत अशीच घडली असती. राहण्याची जागा आधीं पाहिली होती, गाळ्याचें भाडें ठरलें होतें, ट्रकवाल्याला इसार दिला होता, विजेच्या मीटरवर नांव चढविण्याचाहि बंदोबस्त झाला होता. राहिली होती ती एकच गोष्ट : चौथींत शिकणारी मुलगी व नववींत शिकणारा मुलगा यांनीं कोणत्या शाळेंत जावयाचें. ‘शहरांत शाळांना काय तोटा!’ असें गृहस्थांनीं मनाशीं म्हटलें होतें. पुढचे तीन आठवडे ते शाळांच्या पायऱ्या झिजवीत होते. एका ठिकाणीं प्रवेश फेब्रुवारींतच संपले म्हणून सांगण्यांत आलें. दुसऱ्या ठिकाणीं जागा होती, परंतु ‘इमारत निधि’ या गोंडस नांवाखालीं जी रक्कम मागितली ती पावतीवांचून द्यावयाची होती. तिसऱ्या ठिकाणीं नऊ वर्षांच्या मुलीची इंग्रजींत परीक्षा घेतली आणि तिच्या आईला तिचें स्वतःचें शिक्षण कोठवर झालें तें विचारलें. या सर्व काळांत मुलगी घरीं खिडकींत बसून समोरच्या शाळेंत जाणारीं मुलें पाहत असे. ती समोरची शाळा महानगरपालिकेची होती. तेथें जाऊन चौकशी तरी करावी हें तीन आठवड्यांत घरांतल्या एकालाहि सुचलें नाहीं.

शेवटीं ते आमच्याकडे आले, तेहि सल्ला घेण्यास नव्हे, तर त्या परीक्षा घेणाऱ्या शाळेला नोटीस द्यावी या हेतूनें. नोटिशीचें पुढें पाहूं, पण समोरच्या शाळेंत विचारलेंत काय, असें आम्हीं त्यांस पुसलें. त्यांनीं आमच्याकडे चमत्कारिक दृष्टीनें पाहिलें व म्हणाले, ‘तिथं आपलीं मुलं कशी घालायचीं, वकीलसाहेब?’ या ‘आपलीं’ शब्दावर आम्हांस आज चार शब्द लिहावयाचे आहेत. हे गृहस्थ स्वतः नगरपालिकेच्या शाळेंत शिकलेले, हिशेबांत पक्के, व्यवहारांत चोख. कापडाचा तागा उलगडून, पोत चिमटींत धरून पाहिल्याखेरीज ते सौदा करीत नाहींत. शाळेच्या बाबतींत मात्र त्यांनीं माल न पाहतांच भाव ठरवून टाकला होता.

कायद्याचें म्हणणें काय आहे तें आधीं पाहूं. कारण आपल्या मुलाचा हक्क कोणत्या दाराशीं उभा आहे हेंच बिऱ्हाड हलविणाऱ्या बहुतेकांस ठाऊक नसतें. २००२ सालच्या ८६ व्या घटनादुरुस्तीनें ६ ते १४ वर्षांच्या मुलांच्या शिक्षणास मूलभूत हक्काचें स्थान दिलें, आणि त्या हक्काचा तपशील ठरविणारा २००९ चा कायदा १ एप्रिल २०१० पासून अमलांत आला. या कायद्यानें शाळांचे चार वर्ग केले आहेत : सरकारच्या किंवा स्थानिक संस्थेच्या शाळा, सरकारी अनुदानावर चालणाऱ्या शाळा, केंद्रीय विद्यालय, नवोदय, सैनिकी शाळा अशा विशिष्ट वर्गांतल्या, आणि विनाअनुदानित. आतां कलम ५ वाचावें. मुलाला कोणत्याहि कारणानें, राज्यांतल्या राज्यांत किंवा राज्याबाहेर, एका शाळेंतून दुसरींत जावें लागलें तर तशी बदली मागण्याचा त्याला हक्क आहे. पण हा हक्क पहिल्या दोन वर्गांतील शाळांपुरताच आहे. शेवटचे दोन वर्ग त्यांतून स्पष्ट शब्दांनीं वगळले आहेत. जुन्या शाळेच्या मुख्याध्यापकानें शाळा सोडल्याचा दाखला ताबडतोब दिला पाहिजे, आणि तो येण्यास विलंब झाला या कारणावर नव्या शाळेला प्रवेश लांबवितां किंवा नाकारतां येत नाहीं. वयाचा पुरावा नाहीं म्हणून मुलाला परत पाठवूं नये, हें कलम १४ सांगतें. प्रवेशाची मुदत उलटून गेली असली तरीहि नाहीं म्हणूं नये, हें कलम १५ सांगतें. स्थलांतर करून आलेल्या कुटुंबांच्या मुलांस प्रवेश मिळतो कीं नाहीं हें पाहण्याची जबाबदारी कलम ९ नें स्थानिक संस्थेवरच टाकली आहे. दिवाळीनंतर आलेली मुलगी कायद्याच्या दृष्टीनें उपरी नव्हे.

तेव्हां आमच्या मित्रांनीं तीन आठवडे ज्या दारांवर थापा मारल्या तेथें त्यांची केवळ विनंति होती, आणि जेथें त्यांचा हक्क होता तें दार त्यांनीं ठोठावलेंच नाहीं. प्रवेश देतांना देणगी घेऊं नये व मुलाची किंवा पालकांची चाळणी लावूं नये, हा कलम १३ चा नियम खाजगी शाळांसहि लागू आहे. देणगी घेतल्यास तिच्या दहापटीपर्यंत, आणि चाळणी लावल्यास पहिल्या वेळीं २५ हजार व पुढें प्रत्येक वेळीं ५० हजार रुपयांपर्यंत दंड सांगितला आहे. (अल्पसंख्याकांच्या संस्थांस हा कायदाच लागू नाहीं, असा निर्णय सर्वोच्च न्यायालयानें २०१४ सालीं दिला, ती गोष्ट वेगळी.) यास्तव नोटीस देण्यास आम्हांस हरकत नव्हती, आमच्या धंद्याचाच तो भाग आहे. पण नोटीस फळास आली तरी दंड सरकारजमा होतो. त्यानें मुलगी वर्गांत जाऊन बसत नाहीं.

खाजगी विनाअनुदानित शाळांतील २५ टक्के जागा दुर्बल व वंचित घटकांतील मुलांसाठीं राखून ठेवण्याची जी तरतूद आहे तिचा आधार तरी फिरत्या कुटुंबास मिळतो काय? ही तरतूद सर्वोच्च न्यायालयानें २०१२ सालीं ग्राह्य धरली. पुढें फेब्रुवारी २०२४ मध्यें महाराष्ट्र सरकारनें एक अधिसूचना काढून, जेथें एक किलोमीटरच्या आंत सरकारी किंवा अनुदानित शाळा आहे तेथील खाजगी शाळांस या बंधनांतून मोकळें केलें, आणि त्याच वर्षीं जुलैमध्यें मुंबई उच्च न्यायालयानें ती अधिसूचना रद्द ठरविली. निकाल योग्यच झाला. परंतु या जागा पहिलीच्या किंवा त्याआधींच्या शिशुवर्गाच्या, म्हणजे आरंभींच्या प्रवेशासाठीं आहेत. जें मूल चौथींत असतां गांव सोडतें त्याच्यासाठीं ही वाट संपलेली असते. आणि जुन्या गांवीं अशा जागेवर शिकणाऱ्या मुलाच्या बापाला दुसऱ्या शहरांत काम लागलें, तर ती जागा त्याच्या सामानाबरोबर ट्रकमध्यें घालून नेतां येत नाहीं.

सरकारला या अडचणीची जाणीव नव्हती असें कोणी म्हणूं नये. आपल्या नोकरांपुरती ती त्याला फार पूर्वींच झाली होती. केंद्र सरकारच्या व सैन्याच्या नोकरांची मुलें बदल्यांमुळें शाळेस मुकतात, म्हणून १९६३ सालीं केंद्रीय विद्यालयांची योजना निघाली : सर्व देशांत एकच अभ्यासक्रम, एकच पुस्तकें, आणि प्रवेशाच्या क्रमांत नोकराच्या गेल्या कांहीं वर्षांतील बदल्यांच्या संख्येचा विचार. योजना उत्तम आहे व ती बहुतांशीं उत्तम चाललीहि आहे. आमचा प्रश्न इतकाच, कीं सरकारी नोकराची बदली ती बदली, आणि दुकानदार, शिंपी, यंत्रमागावरचा कामगार यांची बदली ती काय हवा पालटण्यासाठीं केलेली सहल? या माणसांचें केंद्रीय विद्यालय म्हणजे ज्या त्या गांवची नगरपालिकेची किंवा जिल्हापरिषदेची शाळा. दुसरें कोणतेंहि नाहीं.

आमच्यांतील पुष्कळांना ‘खाजगी’ या शब्दाविषयीं जो आदर वाटतो त्याला इतिहासांत आधार आहे, हें आम्ही नाकारीत नाहीं. १८५४ च्या शिक्षणविषयक खलित्यानें खाजगी शाळांना सरकारी मदत देण्याचें धोरण घातलें, आणि १८८० सालीं विष्णुशास्त्री चिपळूणकर, टिळक व त्यांचे सहकारी यांनीं पुण्यास न्यू इंग्लिश स्कूल काढलें तेव्हां खाजगी शाळा म्हणजे आपल्या लोकांनीं, आपल्या हिमतीवर, थोडक्या पगारांत चालविलेली शाळा असा अर्थ होता. त्या वेळीं सरकार परकें होतें, म्हणून खाजगी शाळा हीच राष्ट्राची शाळा होती. १९१९ सालीं कर्मवीर भाऊराव पाटील यांनीं रयत शिक्षण संस्था काढली तीहि खाजगीच; पण ती रयतेच्या धान्यावर व श्रमांवर वाढली. आज ज्यांस आपण अनुदानित शाळा म्हणतों त्या पुष्कळशा याच वंशांतल्या आहेत : व्यवस्था संस्थेची, शिक्षकांचा पगार सरकारी तिजोरींतून, आणि शिक्षकाच्या नोकरीस १९७७ च्या कायद्याचें संरक्षण. यांच्या शेजारीं २०१२ च्या राज्य कायद्यानें ‘स्वयंअर्थसहाय्यित’ नांवाची निराळीच जात उभी राहिली आहे. तिचा सर्व खर्च पालकांच्या फीमधून चालतो. या सर्व शाळा वाईट आहेत असें आम्ही म्हणत नाहीं. टिळक-आगरकरांच्या त्यागानें ‘खाजगी’ या शब्दाला जी प्रतिष्ठा आली तिच्या सावलींत उभें राहून फीचा आंकडा वाढवूं नये, इतकेंच म्हणतों.

उलट पक्षीं, सरकारी शाळा म्हणजे सरकारनें गरिबांस घातलेली भीक असा जो समज शहरांत पसरला आहे तो अगदींच खोटा आहे. १८८२ सालीं हंटर कमिशनपुढें जोतीराव फुले यांनीं प्राथमिक शिक्षण सक्तीचें करावें अशी मागणी केली. सयाजीराव गायकवाड यांनीं १८९३ सालीं अमरेली भागांत प्रयोग करून १९०६ सालीं तें सर्व बडोदें संस्थानांत सक्तीचें व मोफत केलें. गोखल्यांनीं १९११ सालीं तसलेंच बिल वरिष्ठ कायदेमंडळांत आणलें, आणि दुसऱ्या वर्षीं सरकारनें तें हाणून पाडलें. शाहू महाराजांनीं १९१७ सालीं कोल्हापुरांत सक्तीचा कायदा केला व मुलांस शाळेंत न धाडणाऱ्या पालकांस दंडहि ठेवला. ज्या दाराकडे पाहून आमचे मित्र ‘तिथं आपलीं मुलं कशी घालायचीं’ म्हणाले, तें दार उघडावयास या देशाला सव्वाशें वर्षें भांडावें लागलें आहे.

पण वंशावळीवरून कोणी मूल शाळेंत घालीत नाहीं, शिक्षण कसें मिळतें तें पाहतो. आणि तेंच बरोबर आहे. खाजगी शाळेंत शिक्षण अधिक चांगलें मिळतें याला पुरावा काय, असें विचारलें तर बहुधा गळपट्टी व बूट यांच्याकडे बोट दाखविण्यांत येतें. याहून चांगला पुरावा उपलब्ध आहे. २००८ पासून आंध्र प्रदेशांतील १८० खेड्यांत एक मोठा प्रयोग झाला. सरकारी शाळेंतील मुलांच्या पालकांकडून अर्ज मागविले आणि सोडत काढून कांहींना खाजगी शाळेची सर्व फी देण्यांत आली. सोडत असल्यामुळें एका बाजूला सुशिक्षित घरें व दुसऱ्या बाजूला अडाणी घरें असा भेद राहिला नाहीं. चार वर्षांनंतर पाहिलें तों तेलुगु व गणित या विषयांत दोन्हीकडच्या मुलांत फरक नाहीं. हिंदी मात्र खाजगी शाळांतील मुलांस पुष्कळ अधिक येत होती, कारण तेथें ती शिकवीत व इकडे जवळजवळ शिकवीत नसत. सरकारी शाळांच्या कैवाऱ्यांनीं यावर लगेच टाळ्या पिटूं नयेत. त्याच प्रयोगांत असेंहि दिसलें कीं, खाजगी शाळेच्या शिक्षकाचा पगार सरकारी शिक्षकाच्या सहाव्या हिश्श्याइतका होता आणि दर मुलामागचा खर्च तिसऱ्या हिश्श्याहून कमी. म्हणजे तेवढेंच काम तिप्पट खर्चांत करण्याचा मान सरकारकडे जातो. हा पुरावा दोन्ही पक्षकारांना अडचणीचा आहे, आणि आमच्या अनुभवाप्रमाणें असाच पुरावा बहुधा खरा असतो. त्यावरून निघतें तें असें, कीं खाजगी शाळांतील मुलें पुढें दिसतात याचें पुष्कळसें श्रेय त्यांच्या घरांचें असतें. घर तर बिऱ्हाडाबरोबर येतच असतें.

दुसरी एक गोष्ट मनाला अधिक लागते. खेड्यांतील ६ ते १४ वर्षांच्या मुलांपैकीं सरकारी शाळांत किती जातात याची देशव्यापी पाहणी ‘असर’ या नांवानें होत असते. २०१८ सालीं हें प्रमाण शेंकडा ६५.६ होतें, कोरोनाच्या सांथीनंतर, २०२२ सालीं, तें ७२.९ झालें, २०२४ सालीं पुन्हां ६६.८ वर आलें. धंदा बसला, पगार थांबला, फी भरवेना, तेव्हां लोक या दाराशीं आले, त्यानें त्यांस आंत घेतलें, आणि हात थोडा सैल होतांच ते निघून गेले. संकटांत उपयोगी पडणाऱ्या नातेवाइकाला लग्नाचें आमंत्रण द्यावयास विसरावें, तसलाच हा प्रकार झाला.

आतां सरकारी शाळांचे दोष. ते झांकण्याची आमची इच्छा नाहीं. शिक्षकांच्या जागा वर्षानुवर्षें रिकाम्या राहतात. कलम २७ प्रमाणें जनगणना, निवडणूक व आपत्तिनिवारण यांखेरीज शिक्षकाला दुसऱ्या कामास लावतां येत नाहीं. परंतु माहिती भरण्याचीं व पाठविण्याचीं कामें ‘शिक्षणाचींच’ म्हणून त्याच्या गळ्यांत पडतात. लहान शाळांत एक शिक्षक दोन-तीन इयत्ता एकदम संभाळतो. मुलींच्या शौचालयाला दार असतें तर पाणी नसतें. हे दोष प्रत्येक शाळेंत सारखे नसतात. एकाच शहरांत एका वॉर्डांतील शाळा नांवाजलेली असते व दुसऱ्या वॉर्डांतील ओस पडलेली असते. म्हणूनच ‘सरकारी कीं खाजगी’ हा प्रश्न घरीं बसून सोडवूं नये. ज्या गल्लींत बिऱ्हाड केलें तिच्या आसपासच्या तीन-चार शाळा, पाटी कोणाची आहे तें न वाचतां, शाळा चालू असतांना, एकवार आंत जाऊन पाहाव्या.

काय पाहावें हें आम्ही थोडें सांगतों. पहिली ते पांचवीच्या वर्गांना तीस मुलांमागें एक शिक्षक आणि सहावी ते आठवीच्या वर्गांना पस्तीस मुलांमागें एक, असें कायद्याचें प्रमाण आहे. हजेरीपट पाहण्याची परवानगी मागावी व डोळ्यांनीं डोकीं मोजावीं. आपल्या मुलाच्या इयत्तेंतील दोन-तीन मुलांना त्यांच्याच पुस्तकांतील एक परिच्छेद वाचावयास सांगावें. तीं अडखळतात कीं अर्थ समजून वाचतात हें समजण्यास बी.एड्. होण्याची गरज नाहीं. वह्या तपासलेल्या आहेत काय, आणि तपासणाऱ्यानें नुसती सही केली आहे कीं चूक दाखविली आहे? गेल्या वर्षीं किती शिक्षक सोडून गेले, हा प्रश्न खाजगी शाळेंत अवश्य विचारावा. थोड्या पगारावर नेमलेला शिक्षक दिवाळीपर्यंत टिकतो आणि मग नवा येतो; मुलानें गांव बदलला तेवढें पुरे झालें, गुरुहि दर सहामाहीस बदलूं नयेत. शौचालय स्वतः जाऊन पाहावें. शाळेच्या दिवाणखान्यांतील पारितोषिकांचें कपाट पाहिलें नाहीं तरी चालेल.

इंग्रजीचा प्रश्न आम्ही टाळीत नाहीं, कारण शेंकडा नव्वद पालकांच्या मनांत खरा प्रश्न तोच असतो. शिक्षण शक्य तोंवर मातृभाषेंतून असावें असें २००९ च्या कायद्याचेंहि म्हणणें आहे, आणि तें शास्त्राला धरून आहे. जें मूल नव्या गांवांत, नव्या सवंगड्यांत, नव्या बोलीच्या हेलांत आधींच बावरलेलें असतें, त्याच्यावर त्याच वर्षीं नवें माध्यम लादणें म्हणजे ज्वर उतरण्याच्या आधींच त्याला नदींत पोहावयास पाठविण्यासारखें आहे. ज्यांना इंग्रजीची घाई आहे त्यांच्यासाठीं मराठी माध्यमांतच गणित व विज्ञान इंग्रजींतून शिकविणारी सेमी-इंग्रजीची सोय पुष्कळ अनुदानित व नगरपालिकांच्या शाळांत आहे, ती आधीं पाहावी. परप्रांतांतून येणाऱ्यांसहि एक गोष्ट ठाऊक असावी : मुंबई महानगरपालिका मराठी, हिंदी, उर्दू, गुजराती, इंग्रजी, तामिळ, तेलुगु व कानडी अशा आठ भाषांतून शाळा चालवीत आली आहे. इतक्या भाषांचें आदरातिथ्य करणारी खाजगी संस्था आमच्या ऐकिवांत नाहीं. आपला मराठी माणूस परमुलखांत गेला तेव्हां त्यालाहि हीच भूक होती. हैदराबादेस विवेकवर्धिनी व दिल्लीस नूतन मराठी विद्यालय त्या भुकेंतूनच उभीं राहिलीं.

खाजगी शाळाच घ्यावी अशीहि कांहीं कारणें आहेत, आणि तीं लपविणें अप्रामाणिकपणाचें होईल. ज्याची नोकरी दर दोन-तीन वर्षांनीं त्याला एका राज्यांतून दुसऱ्या राज्यांत फिरवते, त्याच्या मुलाला केंद्रीय मंडळाचा अभ्यासक्रम सोयीचा, कारण तो सर्वत्र सारखा मिळतो. आणि केंद्रीय विद्यालयांत जागा न मिळाल्यास त्या मंडळाची खाजगी शाळा पाहण्यावांचून बहुधा गत्यंतर नसतें. मंडळ बदलतांना कालमानाचाहि विचार करावा. आपल्या राज्य मंडळाच्या शाळा जूनमध्यें उघडतात, विदर्भांत उन्हामुळें आणखी उशिरां. केंद्रीय मंडळाच्या बहुतेक शाळांचें वर्ष एप्रिलांत सुरू होतें. मे महिन्यांत बिऱ्हाड हलविणारास हा दोन महिन्यांचा फरक ऐन वेळीं कळतो. नववी-दहावीच्या मुलाचें तर मंडळ बदलूंच नये. त्या वयास २००९ च्या कायद्याचें छत्रहि उरत नाहीं. शक्य असल्यास दहावीची परीक्षा होईपर्यंत बिऱ्हाडच हलवूं नये, किंवा मुलाला आजीकडे ठेवावें. मुलास कांहीं व्यंग असून त्या विषयाचा तज्ज्ञ शिक्षक एखाद्याच शाळेंत असेल, तर ती शाळा कोणाची आहे हा विचार गौण आहे.

खाजगी शाळा घेतली तर मात्र डोळे उघडे ठेवून घ्यावी. त्या खर्चाचा परतावा सरकारकडे मागण्याचा हक्क २००९ च्या कायद्यानें पालकास ठेवलेला नाहीं. महाराष्ट्रांत फीचें नियमन करणारा २०११ चा कायदा आहे. त्याप्रमाणें फी शाळेच्या पालक-शिक्षक संघाच्या कार्यकारी समितीपुढें ठेवून ठरवावी लागते, व ठरलेली फी दोन शैक्षणिक वर्षें कायम राहते. यासाठीं प्रवेशापूर्वीं समितीनें मंजूर केलेला फीचा तक्ता मागावा आणि तक्त्याबाहेरचा रुपया पावतीवांचून देऊं नये. पुढें झालेल्या दुरुस्तीनें मात्र फीविरुद्ध तक्रार करावयास शेंकडा २५ पालक एकत्र यावे लागतात. गांवांत कालच आलेल्या माणसानें हे पंचवीस कोठून जमवावे? जुन्या, ओळखीपाळखीच्या पालकाला जें अवघड, तें उपऱ्याला जवळजवळ अशक्य.

आमच्या वाचकांत बिऱ्हाड हलविणारे आहेत ते ट्रकनें हलविणारे. या राज्यांत सर्वांत मोठें स्थलांतर बैलगाडीनें व ट्रॅक्टरनें होतें, त्याची आठवण या लेखांत न करणें बरें दिसणार नाहीं. ऑक्टोबर-नोव्हेंबरांत बीड, अहिल्यानगर व आसपासच्या जिल्ह्यांतून ऊसतोडीच्या जोड्या पश्चिम महाराष्ट्रांतील व कर्नाटकांतील कारखान्यांकडे निघतात आणि उन्हाळ्यांत परततात. शाळेचें अर्धें वर्ष त्यांत जातें. साखरशाळा झाल्या, गांवीं मागें राहणाऱ्या मुलांसाठीं हंगामी वसतिगृहें झालीं, मूल जेथें जाईल तेथें त्याला शाळेंत घ्यावें म्हणून शिक्षण हमी पत्रकें निघालीं. तरीहि कोप्यांपुढें धाकटें भावंड कडेवर घेतलेली दहा वर्षांची मुलगी आजहि दिसते. तिच्यापुढें ‘कोणती शाळा’ हा प्रश्नच नाहीं. जवळच्या गांवची सरकारी शाळा असेल तर आहे, नाहींतर नाहीं. ती शाळा चांगली चालावी असें ज्यांच्या शब्दाला वजन आहे त्यांना वाटावयास पाहिजे, आणि स्वतःचें मूल जेथें नाहीं तेथली काळजी माणसाला फार दिवस वाटत नाहीं. अलाहाबाद उच्च न्यायालयानें ऑगस्ट २०१५ मध्यें, सरकारी पगार घेणाऱ्या अधिकाऱ्यांनीं व लोकप्रतिनिधींनीं आपलीं मुलें सरकारी प्राथमिक शाळांतच घालावीं अशी व्यवस्था करण्याचा आदेश उत्तर प्रदेश सरकारला दिला होता. त्या आदेशाची अंमलबजावणी आमच्या पाहण्यांत आलेली नाहीं. सक्ती आम्हांसहि पसंत नाहीं. पण न्यायाधीशांनीं रोगाची नाडी बरोबर ओळखली होती.

सोलापूरच्या आमच्या मित्रांचें काय झालें तें सांगावयाचें राहिलें. नोटिशीचा मसुदा आमच्या टेबलावर तसाच पडून राहिला. दुसऱ्या दिवशीं सकाळीं ते पत्नीसह समोरच्या शाळेंत गेले. वर्गांत एकतीस मुलें होतीं. बाईंनीं मुलीला परीक्षा न घेतां शेवटच्या बांकावरून दुसऱ्या बांकावर आणून बसविलें, आणि सोलापूरच्या शाळेंतून तिची ऑनलाइन नोंद इकडे वर्ग करून घेण्याचें पत्र मुख्याध्यापिकेनें स्वतः लिहिलें. दाखला पुढें बारा दिवसांनीं आला. मुलाला मैलभर लांबच्या एका अनुदानित विद्यालयांत नववींत घेतलें. तेथें तुकडींत गर्दी आहे आणि गणिताचे मास्तर कडक आहेत, अशी त्याची तक्रार आहे. मुलीच्या शाळेंत दोष नाहींत असें नाहीं. मुलींच्या शौचालयांतील नळ जूनपासून बंद आहे व दोन शिक्षकांच्या जागा रिकाम्या आहेत. कायद्याप्रमाणें अशा शाळेच्या व्यवस्थापन समितींत तीन चतुर्थांश सभासद पालक असावे लागतात, व एकंदर सभासदांत निम्म्या स्त्रिया. विनाअनुदानित शाळांस ही समिति लागू नाहीं. आईच्या शिक्षणाची चौकशी जेथें झाली होती तेथें तिला पुन्हां कोणीं बोलाविलें नाहीं. इकडे मात्र समितींतील एक जागा रिकामी होती व पालकांच्या सभेनें तीवर तिची निवड केली. नळाविषयींची लेखी तक्रार कलम ३२ खालीं स्थानिक संस्थेकडे गेली आहे. तिचा निकाल तीन महिन्यांत लावावयाचा असतो. मसुदा आम्हीं पाहून दिला, पण अक्षर बाईंचें आहे. समितीची पुढची सभा येत्या शनिवारीं अकरा वाजतां आहे.